खो-खोच्या मैदानावरचा सत्कार

माणसाचा सत्कार त्याच्या कामाच्या जागीच करावा, ही थोर कल्पना माझी. समितीच्या बैठकीत तिला टाळ्या पडल्या होत्या, त्यामुळे आता ती दुसऱ्या कुणावर ढकलताही येत नाही.

सत्कार ताईचा होता. शहरातल्या जरीपटका भागाच्या मागे आमची वस्ती. तिथे वीसेक वर्षं ताईने पोरापोरींना खेळवलं, अभ्यासाला बसवलं, कुणाची दहावी सुटायला लागली की घरी जाऊन आईबापांशी भांडली. आता आजारी आईजवळ राहायला ती सोमवारी गोंदियाला चालली होती. म्हणून शनिवारी संध्याकाळी सत्कार. रविवारी सकाळी तिच्या मुलींचा खो-खोचा अंतिम सामना होता. इतक्या वर्षांत तिचा संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. समितीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाषणांत त्याचा गौरवपूर्ण उल्लेखही लिहून ठेवला होता. मंडप नेमका कुठे पडणार, एवढंच कुणी विचारलं नाही.

दुपारी चारला मी कोशाचा रेशमी कुर्ता घालून, सूत्रसंचालकाच्या थाटात मैदानावर पोचलो. मंडपवाल्याने मुली बसतात त्या रांगेतच सब्बलीने खड्डे पाडून लाकडी बल्ल्या गाडल्या होत्या. खेळाच्या एका खांबाला मंडपाचा दोर ताणून बांधला होता, दुसऱ्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. वर फ्लेक्सवर ताई हसत होती. खाली उभी असलेली ताई हसत नव्हती.

"काय गा भाऊ," ती म्हणाली, "पोरी आता प्रॅक्टिस कुठं करतीन? तुह्या डोक्यावर?"

"तासाभराचा कार्यक्रम आहे ताई. पाचला सुरू, सहाला मैदान तुमचं."

"तुमचा तास मले माहीत आहे."

प्रमुख पाहुणे सहाला आले. मग स्वागत. अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या वस्तीतल्या निवृत्त हेडक्लार्कनी, कुणी रुसू नये म्हणून अकरा जणांना स्टेजवर बसवलं होतं. त्या अकराही जणांचं स्वागत करायचं आणि प्रत्येक स्वागताला वेगळा स्वागतकर्ता बोलवायचा. नावं पुकारून माझा घसा बसला. त्यानंतर शाली. समितीची एक शाल पुरे, असं ठरलं होतं. पण प्रत्येक गल्लीने आपापली आणली. "समितीची शाल आमची कशी होईन?" असं मलाच विचारलं. मार्चच्या उकाड्यात ताई पाच शाली पांघरून बसली होती आणि तिची नजर खुर्च्यांच्या मागे होती.

तिथे तिच्या मुली उभ्या होत्या. कर्णधार मुलगी वाऱ्यासारखी पळायची, पण खांबाजवळ वळताना दरवेळी अडखळायची. ताई आठवडाभर तेवढंच घोटून घेत होती. आता ती पोरगी एका खुर्चीला खांब समजून वळून पाहत होती, आणि खुर्ची तिच्यासोबत फिरत होती.

इकडे पाहुणे रंगात आले होते. शहरातली मैदानं वाचली पाहिजेत, असं ते एका बल्लीला टेकून अर्धा तास सांगत होते. मला हसू येईना. पाहुण्यांचा राग आला, अध्यक्षांचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या टाळ्या घेणाऱ्या सूत्रसंचालकाचा आला. पाहुण्यांनी पाण्याच्या ग्लासाला हात घातला तेवढ्यात मी माइक ओढला आणि ताईचं मनोगत जाहीर करून टाकलं.

अध्यक्षांनी मागून कुर्ता धरला. "घाई काहून करून राहिले? माझं भाषण बाकी आहे ना."

ताईने पाचही शाली घडी घालून त्यांच्याच मांडीवर ठेवल्या. माइकसमोर आली.

"सगळ्यांचे आभार. आता मंडप काढा."

लोक हसले.

"हसून काय राहिले? खुर्च्या उचला, खड्डे भरा. माह्या पोरींची मॅच आहे सकाळी."

मंडपवाला पुढे आला. "ताई, गाडी उद्या येणार आहे."

"गाडी उद्या येऊ दे. बल्ल्या आज काढ."

वस्तीला तिचा आवाज ओळखीचा होता. खुर्च्या उचलल्या गेल्या, काही तर माणसं बसलेली असतानाच. हॅलोजन तेवढे राहू दिले. खड्ड्यांत माती लोटून आम्ही ती पायांनी धोपटत होतो. ताई मागून टाच मारून बघायची आणि म्हणायची, "हा पुन्हा भर."

तोवर उशीर झाला म्हणून दोन मुलींना घरच्यांनी नेलं होतं. रांगेत दोन जागा रिकाम्या. ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि मला नि अध्यक्षांना तिथे उकिडवं बसवलं, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. पाचव्या मिनिटाला माझे गुडघे बोलू लागले. तेवढ्यात अध्यक्षांच्या पाठीवर थाप पडली.

"खो दिला ना काका. उठा ना."

"उठतो वं बाई, उठतो," अध्यक्ष म्हणाले, आणि उठायच्या ऐवजी बसले.

कर्णधार त्या संध्याकाळी खांबावरून पंधरा-वीस वेळा वळली. शेवटी शेवटी न अडखळता.

रविवारी मुली एका गुणाने हरल्या. आदल्या दिवशीचा एक तास मिळाला असता तर, हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. ताईने फक्त कर्णधार खांबावर एकदाही चुकली नाही, हे तीनदा सांगितलं आणि आपली शिटी त्या पोरीच्या हातात दिली.

सोमवारी आम्ही हार घेऊन स्टेशनवर जायचं ठरवलं होतं. तिने अध्यक्षांना फोन करून बजावलं, गाडीवर कुणी यायचं नाही, त्या वेळेला मैदानावर सराव असतो. आम्ही कुणी गेलो नाही. मैदानावर मुलींच्या रांगेत एक जागा रिकामी होती. मी जाऊन बसलो.