शेवटाच्या आधी उठणारा

जिंतूरच्या एका टॉकीजमध्ये बन्सीधरनं उभी हयात डोअरकीपर म्हणून काढली, आणि एकाही सिनेमाचा शेवट बघितला नाही. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, पण काम तसंच होतं. पडद्यावर आई आणि हरवलेलं पोर एकमेकांना ओळखायला आले, की यानं बॅटरी काखेत मारायची आणि बाहेरची दारं उघडायला पळायचं. जरा उशीर झाला तर पब्लिक दारं मोडायला कमी करायची नाही. त्यामुळे कोण मेलं आणि कोणाचं लग्न लागलं, हे त्याला बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावरून कळायचं. पदरानं डोळे पुसत कुणी आली, की हा हटकून विचारणार, "काय मावशी, घरातलं कोण गेलं?"

पुढं टॉकीज बंद पडली आणि बन्सीधर घरी बसला. पायांची सवय मात्र गेली नाही. टीव्हीवरचा सिनेमा संपत आला की हा गडी उठायचा, घराचं दार सताड उघडायचा आणि बाजूला उभा राहायचा. बायकोनं, सुमनबाईनं, आधी भांडून बघितलं, मग नाद सोडला.

यंदा नागपंचमी तोंडावर आली तसा सुमनबाईच्या जिवाला एकच घोर लागला होता. चुडाव्याला दिलेली लेक, शिवकन्या, या वर्षी तरी येते का. आधी दर पंचमीला तिचा भाऊ जीवन मुराळी म्हणून जायचा आणि बहिणीला घेऊन यायचा. तो पुण्याला कंपनीत लागला, रजा मिळेना, आणि मुराळी जायचा थांबला. मग बन्सीधर फोन करायला लागला. "ये गं पंचमीला." ती म्हणायची, "बघते." आणि यायची नाही.

"मोबाइलच्या जमान्यात मुराळी कशाला लागतो?" बन्सीधर सुमनबाईवरच डाफरायचा. "बापाच्या घरात याय तिला कुणी तिकीट मागायलंय का? तिलाच वढ ऱ्हायली न्हाई."

लेकीला न्यायला कुणी आलं नाही तर सासरी काय ऐकावं लागतं, हे सुमनबाईला पक्कं ठाऊक होतं. बन्सीधरला कुणी कधी कुठून न्यायला गेलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

अशाच एका दुपारी टीव्हीवर सिनेमा लागला. त्यात मारामारी नाही, गाणं नाही. रिटायर झालेला एक पोस्टमास्तर, आणि चार दिवसांसाठी घरी आलेली त्याची लेक. दोघं तूर निवडतात, खाटेची नवार ओढतात, भातात मीठ कमी पडलं म्हणतात.

"ह्याला पिच्चर म्हणतेत व्हय?" बन्सीधर म्हणाला. "असलं तर आपल्या घरी फुकट चालू हाय."

पण तो जागचा हलला नाही. लेक काही बोलायला तोंड उघडायची आणि त्या मास्तरला नेमकं काहीतरी काम आठवायचं. कधी नळ बघायला जायचा, कधी छत्रीची काडी सरळ करायला.

शेवट जवळ आला तसे त्याचे पाय शिवशिवले. तो उठला, दारापाशी गेला, कडीला हात घातला आणि का कोण जाणे, मागं वळून बघितलं. पडद्यावर लेक निघाली होती. फाटकापाशी बॅग घेऊन ती थांबली आणि घराकडं बघत उभी राहिली. आत मास्तर तिच्या अंथरुणाची चादर घडी करत होता, टोकाला टोक जुळवून, अगदी निगुतीनं. ती बघत होती. तो घडी करत होता.

"आरं, भायेर बघ की!" बन्सीधर ओरडला. "भायेर बघ!"

मास्तरनं काही बघितलं नाही. लेक गेली. सिनेमा संपला. कडीवर हात तसाच ठेवून बन्सीधर रडत होता, आणि त्याची लाज वाटायचंही त्याला सुचलं नाही.

सुमनबाई गहू पाखडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "आपल्या शिवकन्येनं बी लग्नात असंच बघितलं व्हतं. गाडीत बसली तरी मान मागंच. तुमी मंडपवाल्याची भांडी परत द्याय गेलता."

"मला कवा सांगितलं न्हाईस?"

"सांगाय लागले की तुमी उठताव."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून, सुमनबाईनं बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी घेऊन तो निघाला. परभणीपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. चुडाव्याला उतरला आणि विचारत विचारत गेला, कारण लेकीचं घर त्याला नीट माहीत नव्हतं. तिच्या घराच्या वास्तुशांतीलाही जीवनच गेला होता.

शिवकन्या भाकरी थापत होती. दारात बाप बघितला आणि पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली. बघता बघता तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई?" तिनं विचारलं.

"काय आई?"

"आईला काय झालं, बाबा?"

"आईला काय बी झालं न्हाई."

"मग जीवनला? खरं सांगा. तुमी सोता आलाव म्हंजी..." तिनं भिंतीला हात टेकला.

बन्सीधरला आता कुठं कळलं. आपण दारात उभं राहिलो तर लेकीला फक्त मरणाची बातमी सुचते. जन्मभर लोकांची फिरकी घ्यायला वापरलेला प्रश्न आज लेक त्यालाच विचारत होती, आणि खराखुरा विचारत होती.

"सगळी बरी हायेत, बाई," तो म्हणाला. "मुराळी आलोय मी. तुला न्यायला."

शिवकन्या चुलीपुढं बसली आणि पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागली. बन्सीधरही तिच्याजवळ टेकला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. परतीच्या गाडीची वेळ विचारून यावी म्हणून बन्सीधर सवयीनं अर्धा उठला. मग परत खाली बसला, भाकरी उलटली, आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिथंच बसून राहिला.