लाल दोऱ्याची फुली

माझ्या टेबलाला दोन ड्रॉवर होते. वरच्या ड्रॉवरमध्ये एका अर्जाची प्रत होती. जळगावातल्या चटई कारखानदारांनी मिळून तो दिल्लीला धाडला होता. चीनमधून पडेल भावाने चटया येतात, आमचे माग बंद पडायला लागलेत, तेव्हा जागतिक व्यापाराच्या नियमांप्रमाणे त्या मालावर जादा कर बसवा, असं त्यात लिहिलं होतं. खालच्या ड्रॉवरमध्ये त्याच चीनमधून आम्ही मागवलेल्या चटईच्या रोलांची कागदपत्रं होती. दोन्हीकडे सही एकाच माणसाची, आमच्या मालकाची. मी रोज दोन्ही ड्रॉवर उघडायची आणि एकातलं दुसऱ्यात सांडू द्यायची नाही. मला पगार त्याचाच होता.

मी मूळची शेजारच्याच असोद्याची. बी.कॉम. झाले, लग्न होऊन जळगावात आले आणि एमआयडीसीतल्या या कारखान्यात एक्स्पोर्टच्या कागदांचं काम धरलं. कारखाना प्लॅस्टिकच्या चटयांचा. लग्नाच्या पंगतीला अंथरतात, गच्चीवर बिबड्या-पापड वाळत घालायला लागतात, त्याच चटया. आमच्या चटया जहाजानं परदेशात जायच्या आणि प्रत्येक कंटेनरबरोबर ओरिजिन सर्टिफिकेट जायचं, म्हणजे मालाच्या जन्माचा दाखला. तो बिनचूक भरणारी ऑफिसात मी एकटी. त्याचा मला भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू.

ज्या देशात आमचा सगळ्यात जास्त माल जायचा, त्यानं चिनी चटयांवर जबर कर लावलेला होता आणि आपल्या चटयांवर नाममात्र. नियम साधा होता: चटई जिथं विणली, त्या देशाची. नुसती कडेला पट्टी शिवली म्हणून तिचा देश बदलत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

मग एका दुसऱ्याच बड्या देशानं आपल्या मालावरचा कर एकाएकी वाढवला. आमच्या तिकडच्या ऑर्डरी रद्द झाल्या, निम्मे माग थंड पडले. त्याच आठवड्यात मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना सगळे भाऊच म्हणायचे. "ताई, नियम ज्यांनी लिहिले तेच मनाला येईल तेव्हा मोडता," भाऊ म्हणाले, "मग आपणच काय म्हणून नाकानं कांदे सोलायचे? बळी तो कान पिळी. आपला देश आता लहान राहिला का?" चीनमधून तयार रोल येणार होते. ते इथं कापायचे, पट्टी शिवायची, आपलं लेबल लावायचं आणि पुढं पाठवायचे. जन्माचा दाखला मी लिहायचा.

माझी छाती तेव्हा फुगलीच होती, हे आज कबूल करते. टीव्हीवर रोज ऐकायचे की आपण आता कुणापुढे वाकत नाही. टपरीवर चहा पिणारे ड्रायव्हरसुद्धा तेच बोलायचे. मला वाटलं, आपणही त्यातलेच, कान पिळणाऱ्या बाजूचे. पिळायला कान लागतो आणि तो कुणाच्या तरी डोक्याला असतो, एवढा विचार मी केला नाही.

मागांवरचे नाना नरडाण्याकडचे, साधे सरळ गृहस्थ. एके दिवशी ते हातात चटईचा तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"ताई, माग आठ दिनपासून बंद शेतस. मंग हाऊ बठ्ठा माल कथाईन उना?"

"माल कुठून आला ते भाऊंना विचारा, नाना."

"त्यास्ले काय इचारू? कागद तर तू लिखस."

मी कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं. महिन्याभरात नाना काम सोडून गावाकडे निघून गेले. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, माझा नाही.

पट्टी शिवायचं काम असोद्याच्या बायका घरी करायच्या. टेम्पो चटया टाकून जायचा आणि चौथ्या दिवशी उचलून न्यायचा. त्या बायकांत माझी माय होती. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर मायनं मला त्याच शिलाई मशीनवर वाढवलं. चिनी मालाचा पहिला गठ्ठा आला, तेव्हा योगायोगानं मी घरीच होते. मायनं एक चटई उलगडली, नाकाशी नेली. आमची चटई जुन्या प्लॅस्टिकची, उन्हात तिला जळका वास येतो. हिला वासच नव्हता.

"ही आपली नाई," माय म्हणाली.

"माय, तू पट्टी शिव."

"शिवते ना. मी काय म्हनली, आपली नाई." तिनं कडेवरची फिकट निळी बारीक अक्षरं अंगठ्यानं घासून पाहिली. ती जात नव्हती. ती झाकायला यावेळी दुप्पट रुंद पट्टी पाठवली होती, आणि फरक दिसू नये म्हणून आमच्या चटयांनाही तीच.

त्या चटया कडक होत्या. सुया तुटायला लागल्या आणि बायकांनी काम अडवलं. भाऊंनी कडक चटईचा दर वाढवून दिला. पण टेम्पोत दोन्ही माल एकत्र यायचा आणि पट्टी लागल्यावर कुठला नग कोणता ते कळेना, रोज भांडणं. तोडगा मी काढला. कडक चटईच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची बारीकशी फुली घालायची, बस. बायका खूष, मुकादम खूष. भाऊ म्हणाले, म्हणून तर शिकलेली बाई लागते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मी तेव्हा घरी जाऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलं होतं.

वर्ष सुरळीत गेलं. मग मेल आला. चिनी चटयांवर जबर कर लावणाऱ्या त्या देशाच्या कस्टमचा माणूस पडताळणीला येणार होता. कारखाना बघणार, मागांवरचे कामगार बघणार आणि पट्टी शिवणाऱ्या बायकांपैकी कुणाशी तरी बोलणार. भाऊंनी चार दिवसांत सगळं पालटलं. रोल दुसरीकडे हलवले, भाड्याची माणसं आणून माग धडाडा सुरू केले, असोद्याला फक्त आपल्या चटया टाकल्या. बोलायला माय ठरली. "घरचीच आहे, घाबरायची नाही," भाऊ म्हणाले. दुभाषी म्हणून मी. ती माझी आई आहे हे पाहुण्याला सांगायची गरज नाही, असंही त्यांनी वर बजावलं.

आदल्या संध्याकाळी मी मायला म्हटलं, सगळ्या चटया आपल्याच, एवढंच म्हणायचं. ती म्हणाली, "मले खोटं जमत नाई, तुले मालूम हाये." मला ते माहीत होतं. पण तिचं बोलणं पुढं माझ्याच तोंडून जाणार, म्हणून मी निश्चिंत होते.

तो माणूस साठीचा, सडपातळ, फार मऊ बोलणारा. बरोबर मुंबईहून आलेला आपल्या कस्टमचा एक हिंदीभाषक अधिकारी होता, तो बराचसा फोनवरच होता. माग बघून पाहुण्यानं मान डोलावली. असोद्याला आल्यावर ओट्याखाली बूट काढले, बिनसाखरेचा चहा मागितला आणि मायसमोर खाली मांडी घालून बसला. मला वाटलं होतं, खेकसणारा साहेब येईल.

"या किती वर्षं शिवतात?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

मी मायकडे वळले. "अक्का, साहेब विचारताहेत, किती वर्षं झाली शिवायला?"

अक्का. स्वतःच्या आईला मी अक्का म्हटलं, शेजारच्या बाईला म्हणावं तसं. मायनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तिनं उत्तर दिलं आणि पुढं तिनंही मला एकदासुद्धा नावानं हाक मारली नाही.

चारपाच प्रश्न सोपे गेले. मग त्यानं बॅगेतून एक पिशवी काढली आणि चटईचे दोन कापलेले कोपरे ओट्यावर मांडले. त्याच्या देशातल्या दुकानांतून घेतलेले. एकावर लाल फुली होती, दुसऱ्यावर नव्हती. त्या फुलीची आठवण आमच्यापैकी कुणालाच राहिली नव्हती. रोज डोळ्यांसमोर असायची, म्हणून दिसायचीच बंद झाली होती.

"ही खूण कशाची?" त्यानं विचारलं.

मी विचारलं. दुसरं करणार काय?

माय शांतपणे म्हणाली, "लाल फुली म्हनजे बाहेरची चटई. ती कडक राहते, सुया तुटता. तिचा दर वेगया, म्हून फुली. पट्टीखाली बारीक अक्षरं राहता, ते झाकाले रुंद पट्टी लावाले सांगेल हाये."

तो वही उघडून माझ्याकडे बघत होता. भाऊ दाराशी उभे होते. मी म्हणाले, "या बाई म्हणतात, मालाला दृष्ट लागू नये म्हणून लाल टाका घालतात. इकडची पद्धत आहे."

तो हसला. छान पद्धत आहे, म्हणाला. लिहून घेता घेता थांबला. "त्या बरंच काही बोलल्या ना पण?"

"चहा अजून घेणार का, विचारत होत्या."

त्यानं जरा जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं. मग इंग्रजीतला कागद मायपुढे ठेवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

"काय लिहेल हाये?" मायनं विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच, अक्का."

तिनं सही केली. एकेक अक्षर सावकाश, वरची रेघ शेवटी. ती सही तिला मीच शिकवली होती, पाचवीत असताना, माझ्या पाटीवर.

गाडी गल्लीबाहेर गेल्यावर ती म्हणाली, "मी येवढं बोलली, अन् तू येवढुसंच सांगलं?" मी चटयांच्या घड्या घालत राहिले. त्या घड्या घालायची काही गरज नव्हती.

त्यानंतर लाल दोरा बंद झाला, सगळीकडे पांढरा आला. पण गेलेल्या चटया गेल्या होत्या. समुद्रापलीकडे कुणाच्या अंगणात, कुणाच्या व्हरांड्यात त्या पसरलेल्या असतील आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात माझी हुशारी शिवलेली असेल, या विचारानं जेवण जाईना. इकडे वरच्या ड्रॉवरमधल्या अर्जावर सुनावणी लागली, म्हणून भाऊंनी ऑफिसात पेढे वाटले. चीनच्या लबाडीवर ते चांगलं अर्धा तास बोलले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी पेढा तोंडात टाकला आणि टाळ्याही वाजवल्या.

पत्र गेल्या आठवड्यात आलं. भाषा त्या माणसासारखीच मऊ होती. त्यांनी बऱ्याच चटयांच्या पट्ट्या उसवून पाहिल्या होत्या. जिथं लाल फुली तिथं खाली चिनी अक्षरं, जिथं फुली नाही तिथं काही नाही. अपवाद एकही नाही. सबब जबाब देणाऱ्या बाईंची फेरचौकशी करायची आहे. त्यांनी जाणूनबुजून खोटी माहिती दिली असेल, तर पुढच्या कारवाईसाठी भारत सरकारला कळवण्यात येईल. मायचं नाव दोनदा आलं होतं, स्पेलिंगसुद्धा अचूक. दुभाष्याचं नाव कुठेच नव्हतं.

भाऊंनी पत्र वाचून बाजूला सारलं. "उत्तर लिही. बायकांनी जास्तीच्या दरासाठी आपल्या नकळत बाहेरचा माल मिसळला, दृष्टीचं कारण सांगून आपल्यालाही फसवलं. आपण त्यांचं काम बंद केलं."

"भाऊ, ती माझी माय आहे."

"म्हणून तर सांगतो. म्हातारीला कोण काय करणार? इथं दोनशे घरांची चूल आहे, देशाचं नाव आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. नाही म्हणाले. चोरांत माझीही गणती होती. पत्र पर्समध्ये टाकलं आणि असोद्याची बस धरली.

माय मशीनवर होती. मी तिच्यासमोर खाली बसले, जिथं तो बसला होता तिथंच. "वाच," ती म्हणाली, "अन् आता एक शब्दबी नको सोडू." मी पत्र सगळं वाचलं, वाक्य वाक्य आपल्या बोलीत सांगितलं. भाऊंनी काय लिहायला सांगितलंय तेही सांगितलं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. वाचता वाचता मी दोनदा अडले, तेव्हा तिनं तांब्या पुढं सरकवला.

"ह्याच्यात तुझं नाव कुठी हाये?"

"नाही. माझं नाहीच."

"बरं झालं."

"माय, मी लिहिते खरं काय ते. मी सांगते की मीच बदललं—"

"तुले लेकरं हायेत," ती म्हणाली. तिनं सुईतून पांढरा दोरा काढला, रिळाला गुंडाळला आणि चष्मा पुसत पुसत, जणू तो माणूस अजून समोरच बसलाय तशी, सावकाश म्हणाली, "मी सांगीन त्याले, दृष्टीचं मीच बोलली व्हती. त्या बाईनं जसंच्या तसं सांगलं."