गव्हर्नरसाहेबांचे काका

आमच्या गावच्या गव्हर्नरला मरून तीनशे वर्षं होत आली, ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला मान्य नाही, आणि तो माणूस आमच्या समोरच राहतो. काका मूळचे नागपूरचे. आयुष्यभर सॉफ्टवेअर केलं, रिटायर झाले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या या आडगावात गव्हर्नरच्या जुन्या घरात बिनपगारी गाइड म्हणून लागले. तेव्हापासून 'आमचे साहेब' म्हणजे इंग्लंडहून बोटीनं आलेले, राजाच्या माणसांशी भांडून गावाला सनद मिळवून देणारे ते गव्हर्नर. साहेबांच्या पुण्यतिथीला काका त्यांच्या तैलचित्राला झेंडूचा हार घालायचे. घर सांभाळणाऱ्या कमिटीच्या बाईंनी विचारलं, "इज इट अ पार्टी?" काका म्हणाले, "अभिवादन आहे मॅडम. चहा-चिवडा नंतर." पुढच्या वर्षी बाई चिवड्यासाठी अर्धा तास आधीच हजर.

पण भक्ती आंधळी नव्हती हं. काकांची टूर दिवाणखान्यातून नाही, माळ्यावरून सुरू व्हायची. साहेबांनी गुलाम म्हणून विकत घेतलेली एक बाई तिथे झोपायची. "माणूस मोठा होता, पण आधी हिचं नाव ऐका. फिलिस," असं म्हणत ते भल्याभल्यांना वाकायला लावून वर न्यायचे. साहेबांवर त्यांचा खासगी रागही होता. "बोटीतून उतरला नं बाप्पा, अन् गव्हर्नर झाला. ना फॉर्म, ना फिंगरप्रिंट!" काकांचं अर्धं आयुष्य ग्रीन कार्डाची वाट बघण्यात गेलं होतं. नागरिकत्वाचा फॉर्म मात्र भरलेला, तसाच ड्रॉवरमध्ये पडून. भारताचा पासपोर्ट परत करायला मन धजत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गावाच्या मालकीचं ते घर विकायची वेळ आली. छप्पर गळत होतं, खर्च झेपत नव्हता. घर ठेवायचं का, हे गावसभेत हात वर करून ठरणार होतं. काका दारोदार फिरले. मला म्हणाले, "तुम्ही सिटिझन आहात. यायचं नक्की."

"येतोच काका, डोन्ट वरी," मी म्हटलं.

आमच्या गावसभेत मताचा हक्क नसलेल्यांना मागच्या बाकावर बसवतात, आणि त्यांना बोलायचं तर सभेची परवानगी लागते. काकांना ती मिळाली. ते असे बोलले म्हणतात की दोन विरोधकांनी तिथल्या तिथे बाजू बदलली. मग हात मोजले. इकडे जितके, तितकेच तिकडे. बरोबरी झाली की ठराव पडतो. घर गेलं.

मी त्या वेळी मराठी मंडळात होतो. पाडव्याला श्रीखंड घरचं की विकतचं, यावर मतदान चाललं होतं. तिथे मी चांगले दोन्ही हात वर केले.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून काकांकडे गेलो. त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं, "श्रीखंड घरचंच ठरलं नं?" दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला लाज वाटली, अजूनही वाटते.

काकांनी त्याच महिन्यात नागरिकत्वाचा तो फॉर्म पाठवला. आता ते गावसभेत पहिल्या रांगेत बसतात आणि गटारदुरुस्तीच्या ठरावालाही कोपर ताठ करून हात वर करतात. मी शेजारी असतो, एकही सभा चुकवत नाही. गव्हर्नरच्या घरात आता दातांचा दवाखाना आहे. काकांना अख्खी कवळी आहे, तरी ते दर मंगळवारी तिथे जाऊन बसतात आणि ठणकत्या दाढांच्या माणसांना सनदेची गोष्ट सांगतात.

परवा माझी दाढ काढायची होती. काका सोबत आले. आत खुर्ची मागे झाली, वर माळ्याच्या जुन्या तुळया दिसल्या, आणि काय वाटलं कोण जाणे, बधिर तोंडानं मी नर्सला फिलिसबद्दल सांगायला लागलो. तिला किती कळलं देव जाणे, पण तिनं वर पाहिलं.

बाहेर काका माझा कोट मांडीवर घेऊन बसले होते.

"सांगितलं नं तिला?" म्हणाले.

मी मान डोलावली.