फवारलेली हिरवळ

सन १९९६चा उन्हाळा, परदेशातल्या शॉमबर्ग गावाजवळचे एक खासगी प्राणिसंग्रहालय. तिथे घडले त्याला जबाबदार तिघे: मालक, हिरवळीवर औषध फवारणारा कंत्राटदार आणि परवाना देणारा अधिकारी.

आज शेजाऱ्याच्या लॉनवर तणनाशक फवारले गेले आणि त्या उग्र वासाने मला पुन्हा त्या पिंजऱ्यापाशी उभे केले. आत पार्मा वॉलबी होता. कांगारूच्या कुळातला, मांजराहून थोडा मोठा. ऑस्ट्रेलियातल्या दाट झुडपांत दडावे, सांजेला गवत चरावे, हा त्याचा हक्क. इथे सिमेंटवर त्याच्यापुढे पॉपकॉर्न पडले होते.

सणाला गाईचा घास काढल्याशिवाय न जेवणाऱ्या माझ्या पत्नीने कुंपणालगतचे गवत उपटून जाळीत धरले.

"खा रे बाळा."

त्याचे ओठ पात्यांना टेकणार, तोच मला फवारणीची पिवळी पाटी दिसली. "हात मागे घे," मी ओरडलो. तिने हात ओढला. तो जाळीला नाक लावून थरथरत राहिला.

"अहो, मग यानं खायचं तरी काय?"

तेव्हा वाटले, आपण त्याला वाचवले. आज वाटते, आपण त्याला उपाशीच ठेवले. माझ्या पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर त्या अधिकाऱ्याने वर्तमानपत्रातून, स्वतःच्या नावानिशी द्यावे, ही माझी मागणी आहे.