मावशीचा पाय आणि नीतीचा वर्ग

माझी मावशी वकील आहे आणि हट्टी आहे. यातलं आधी काय झाली, हे आजीलाही सांगता आलं नसतं. कोर्टात तिला सगळे 'तोफ' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

वकिली चालू ठेवायची तर दर वर्षी व्यावसायिक नीतीच्या वर्गाला बसावं लागतं. बसावं लागतं म्हणजे सही करावी लागते. दारापाशी सही ठोकायची, शेवटच्या रांगेत जरा टेकायचं आणि शिकवणाऱ्यानं फळ्याकडे तोंड केलं की मागच्या दारानं कँटीन गाठायचं, ही तिथली रीत. एरवी दुसऱ्यांना शपथेवर खरं बोलायला लावणारी ही माणसं त्या दिवशी शाळकरी पोरांसारखी सटकत. मावशी तर त्यांची पुढारी. "ती सगळी कलमं मी कोळून प्यायलेय," असं वर ऐकवायची.

एका वर्षी ती कोर्टाच्याच पायऱ्यांवरून पडली आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आलं. मी तिला गाडीतून वर्गाला नेलं, पहिल्या रांगेत बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला आणि पुन्हा उठवायला कोणीतरी हवं म्हणून शेजारीच बसले. बाकीचे एकेक करून गळाले. तोफ मात्र जागीच अडकली.

तेव्हा आमच्या घरात एकच विषय होता, आईचा दावा. आई आणि तिची जुनी मैत्रीण मिळून शिवणकामाचं दुकान चालवायच्या. त्या मैत्रिणीला आम्ही शिवणकाकू म्हणायचो, ती घरातलीच होती. पुढे दोघींचं असं बिनसलं की दुकान कोणाचं, हे कोर्टानं ठरवायची वेळ आली. आईचं वकीलपत्र अर्थातच मावशीकडे होतं आणि पुढच्या तारखेला ती शिवणकाकूची उलटतपासणी घेणार होती. "माझी बहीण घाम फोडेल तिला," असं आई येईल त्याला सांगायची. दुकानात आईचा जीव होता. रस्त्याकडची मोठी काचेची खिडकी तिनं स्वतः उभं राहून बसवून घेतली होती.

वर्गात शिकवायला एक निवृत्त न्यायाधीश होते. आवाज अगदी बारीक. ते म्हणाले, "समजा, ओळखीतली एक बाई तुम्हाला बाजूला घेते. सहज विचारते म्हणते आणि मन मोकळं करते. फी नाही, वकीलपत्र नाही. ती तुमची पक्षकार आहे का?"

"मुळीच नाही," मावशी ताडकन म्हणाली.

"मग ती तुमच्याशीच का बोलली? शेजारणीशी का नाही?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"वकील हे कुठे बोलणार नाही, या भरवशावर बोलली. उद्या तुम्ही तिच्याविरुद्ध उभ्या राहिलात, तर ते ऐकलेलं कुठे ठेवाल? प्रश्न विचारताना विसरून जाल?"

समोरच्याचं म्हणणं मावशी न तोडता ऐकतेय, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि मला एकदम आमची मागच्या दाराची पायरी आठवली. भांडणाच्या खूप आधी शिवणकाकू आणि मावशी तिथे बसल्या होत्या. काकू डोळे पुसत होती. मी चहा घेऊन गेले, तर मावशीनं हातानंच मला परत पाठवलं होतं. काय बोलणं झालं, ते मला आजही माहीत नाही.

गाडीत मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी पायरीवर..."

"तू गाडी चालव," ती म्हणाली. "थेट तुझ्या आईकडे."

कुबड्या भिंतीला टेकवून तिनं उभ्या-उभ्याच सांगितलं. "ताई, मी तुझी केस सोडतेय."

आईला आधी थट्टाच वाटली. मग तिचा चेहरा उतरला. "का?"

"सांगता येत नाही."

"मला? सख्ख्या बहिणीला?"

"तुला तर नाहीच नाही."

"तिनं फितवलं तुला?"

"नाही."

"मग निदान नव्या वकिलाला तरी सांग, तिला काय विचारायचं ते."

"सगळे कागद देईन. वर एक शब्दही नाही."

"चालती हो," आई म्हणाली. प्लॅस्टरमधल्या पायानं चालतं होणं सोपं नव्हतं. जिना मीच तिला उतरवला. मला तिचा भयंकर राग आला होता. परक्या बाईसाठी बहिणीला वाऱ्यावर सोडणारी ही कसली नीती?

नवा वकील भला माणूस होता, पण शिवणकाकू त्याला पुरून उरली. दुकानाची वाटणी झाली. खिडकीची बाजू काकूकडे गेली, आईच्या वाट्याला मागची खोली आली. आईनं मावशीशी बोलणं टाकलं. मावशी मात्र दर महिन्याला यायची, मी दिलेला चहा प्यायची, आईच्या पाठीकडे बघत बसायची आणि उठून जायची. एका वाक्यात सगळा उलगडा झाला असता. तिनं ते वाक्य कधी उच्चारलं नाही. माझा राग कधी विरला ते कळलं नाही, पण आता मला तिचा अभिमान वाटतो.

न्यायाधीशांनंतर तो वर्ग तिनं मागून घेतला. आता सही शेवटी होते आणि मागच्या दाराला खुर्ची लावून तोफ स्वतः बसते. वकील कुरकुरतात. "पाय धड असूनही बसायला शिका," असं ती त्यांना सुनावते.

परवा आई आजारातून उठली आणि म्हणाली, "मला वकील हवाय. एक गोष्ट आहे, कोणाला कळता कामा नये. तुलासुद्धा."

मी दोन-चार नावं सुचवली. तिनं मान हलवली. "तुझ्या मावशीला बोलाव."

"मावशीला? इतक्या वर्षांनी?"

"तिच्या पोटातून काही बाहेर निघत नाही," आई म्हणाली. "मी डोकं आपटून पाहिलंय."

मावशी तासाभरात हजर झाली. आईनं तिला पलंगावर आपल्या शेजारी जागा करून दिली. मी चहा घेऊन दारात उभी होते. मावशीनं हातानंच मला परत पाठवलं आणि उठून आतून कडी लावली.