पुढेकाय मॅडमचा चुकलेला सल्ला

कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना कुठले विषय घ्यावेत, कशात जम बसेल, शिकून झाल्यावर कामधंदा कसला करावा, हे सांगायला एक मॅडम होत्या. समोर बसलेल्या प्रत्येकाला त्या आधी "मग, पुढे काय?" असं विचारत, म्हणून पोरांनी त्यांचं नाव पुढेकाय मॅडम ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांची खोली जिन्याखाली. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत, त्यामुळे अजून रबरी चेंडूंचा वास येई. आत शिरताना उंच माणसाला मान वाकवावी लागे. मॅडम बुटक्या, त्यांचं निभावून जाई. खोलीचा नियम एकच: आईबाप बाहेरच्या बाकावर, पोरगं आत एकटं. बाप बोलतो आणि पोरगं मान डोलावतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यामुळे बाप दिसला की मॅडमच्या कपाळावर आठी चढायचीच.

त्या दिवशी मुलीला घेऊन आला तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर होता. कामावरून तसाच आलेला, खिशात टेस्टर, नखांत ग्रीस. मुलगी मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला. "हल्ली धड जेवत नाही, बोलत नाही. जरा बघा तिच्याकडे," एवढं तो म्हणेस्तोवर मॅडमनी त्याला बाक दाखवला.

आत मुलीने तोंडात मिठाची गुळणी धरली. मॅडमची नजर तिच्या पिशवीच्या पट्ट्यावर गेली. पेनाने काढलेली वेलबुट्टी, पान न् पान रेखीव. झालं. बाप यंत्रांतला, लेक चित्रांतली, बापाने दामटून इथे बसवली. मॅडमच्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं.

"वर्गात मन लागत नाही ना?"

"हो मॅडम."

"डिझाइनला जायला आवडेल?"

"हो मॅडम."

"बाबांना मी समजावते."

"नको. मीच सांगेन." हे मात्र ती पटकन म्हणाली.

शाखा बदलायचे ते शेवटचे दिवस. अर्ज दुपारीच ऑफिसात गेला. तो मंजूर झाला की मेकॅनिकलची जागा वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाला मिळणार आणि परतीचा रस्ता बंद. मॅडम स्वतःवर खूष होऊन घरी गेल्या. एक पोर सोडवली, असं नवऱ्याला सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टवाला पुन्हा दारात. मॅडमनी भांडणासाठी पदर खोचला. पण तो भांडायला आलाच नव्हता.

"तुम्ही सांगितलंत म्हणजे बरोबरच असणार," तो म्हणाला. "मेकॅनिकलला मीच नको म्हणत होतो. माझं आयुष्य गेलं ग्रीसमध्ये, हिने तरी हात स्वच्छ राहतील असं काही करावं. तर ही माझ्याशी बोलेनाच, तेव्हा हो म्हटलं. लहानपणी घरातला मिक्सर खोलून बसायची. मग आता एकाएकी काय झालं, तेवढं विचारायला आलो."

ज्याला त्या ढकलणारा समजल्या, तो अडवणारा निघाला. त्याला आतल्याच खुर्चीवर बसवून त्या तडक ऑफिसात गेल्या.

"अर्ज अजून इथेच आहे," हेडक्लार्क म्हणाले. "जेवणानंतर साहेबांकडे जाईल. पण मागे घ्यायचा तर मुलीनेच घ्यायचा. तुमच्या सांगण्यावर देता येणार नाही."

मुलगी डिझाइन विभागाच्या पायरीवर बसली होती. आत तास चालू होता. मॅडम धापा टाकत तिच्या शेजारी बसल्या.

"तुला चित्रं काढायला आवडतात ना?"

"वर्गात काही कळेनासं झालं की काढते," मुलगी म्हणाली. "मेकॅनिक्सच्या तासाला जास्त."

मॅडमना हसूही आलं नि रडूही. "मग काल हो हो का म्हणालीस?"

"चाचणीत नापास झालेय. बाबांशी भांडून घेतलंय हे सगळं. आता सांगितलं तर म्हणतील, मी नव्हतो म्हणत? तुम्ही डिझाइन म्हणालात, वाटलं, बरं झालं, तुमच्या नावावर सुटता येईल."

"म्हणजे मेकॅनिकल नकोय असं नाही?"

"हवंय. पण मला ते येत नाहीये."

हवं असणं वेगळं आणि येणं वेगळं, आणि मॅडम इतकी वर्षं दोन्ही एकच धरून चालल्या होत्या. त्यांना शरम वाटली, अगदी कानापर्यंत.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "मी तुला काही विचारलंच नाही. येत नसेल तर त्याला उपाय आहे. दुसऱ्या वर्षाची मुलं संध्याकाळी नव्यांना घेऊन बसतात. मेकॅनिक्सच्या सरांकडे मी येते तुझ्याबरोबर. वेळ लागेल, घाम निघेल. पण अर्ज ठेवायचा की काढायचा ते तू ठरव. मी आता तोंड उघडणार नाही."

आणि त्या खरंच गप्प बसल्या. त्यांच्या स्वभावाला हे किती जड गेलं असेल, ते त्यांच्या नवऱ्यालाच विचारावं. मुलगी बराच वेळ चपलेने पायरी घासत राहिली. मग उठली, ऑफिसात गेली आणि अर्ज मागून घेतला.

जिन्याखालच्या खोलीत बाप ताटकळला होता. मुलगी दारातच थांबली. मॅडम तिच्या मागे, बोलायची उबळ दाबत.

"बाबा, मी मेकॅनिकललाच राहतेय. आणि मेकॅनिक्समध्ये नापास झालेय."

आता बाप 'मी नव्हतो म्हणत?' म्हणणार, असंच मॅडमना वाटलं.

"काय असतं त्यात?" त्याने विचारलं.

"भार, ताण, कप्पी. पलीकडच्या बाजूला वजन लावलं की लिफ्ट ओढायला जोर कमी का लागतो, असलं."

"ते वजन मी रोज हाताळतो," बाप म्हणाला. "किती लावायचं ते येतं मला. तेवढंच का, ते कधी कुणी सांगितलं नाही." तो उठला आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तुला कळलं की मला सांग."