ओहोटीची ओळ मी लिहिलीच नाही

आज सकाळी माझ्यामुळे आमच्या बोटवाल्या बाबलीकाकांनी पाहुण्यांच्या शिव्या खाल्ल्या.

आमच्या देवबागच्या बोटींचं बुकिंग सॉफ्टवेअर मी केलंय. हल्ली एआय एजंट ते वापरून पाहुण्यांच्या फेरीची वेळ परस्पर ठरवतो. आज त्याने ऐन ओहोटीची वेळ दिली. दहा पाहुणे लाइफ जॅकेट घालून उभे आणि काकांची बोट वाळूवर. "फसवता काय आम्हाला?" म्हणून पाहुणे त्यांच्यावर ओरडले.

मी पुढे होऊन म्हटलं, "काकांची नाही, एआयची चूक आहे."

पाहुणे गेल्यावर काका हळूच म्हणाले, "माका म्हायत आसा, तुका म्हायत आसा. त्या एआयक कोण सांगतलो रे?"

घरी येऊन एजंटसाठी मीच लिहिलेली माहिती उघडली. तारीख कशी लिहायची यावर अर्धं पान. भरती-ओहोटीवर एक अक्षर नाही. खाडीकाठी जन्मलेल्या मला ते लिहावंसंच वाटलं नव्हतं.

आता ओहोटीची ओळ घातलीय. पण सॉफ्टवेअर माझं आहे, हे काकांनी पाहुण्यांना सांगितलं नाही. आणि मीही नाही.

तुमच्यापैकी कोणी असं गप्प राहिलंय का? नंतर त्या माणसासमोर कसे गेलात?